नकाराधिकाराची विसरलेली अट

डिसेंबर २०२३ मधल्या ब्रसेल्सच्या शिखर परिषदेत युक्रेनला चार वर्षांत ५० अब्ज युरो देण्याच्या प्रस्तावाला २६ देश तयार होते. एकटा हंगेरी तयार नव्हता. परिषदेच्या आदल्याच दिवशी युरोपीय आयोगाने हंगेरीचा रोखून धरलेला सुमारे १० अब्ज युरोंचा निधी मोकळा केला होता. युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी स्वतः दालनाबाहेर जाऊन होऊ दिला. मदतीचा निर्णय मात्र त्यांनी अडवला, आणि आपल्या देशाचा उरलेला निधीही पुरता मिळाला पाहिजे, हे दुसऱ्या दिवशी उघडपणे सांगितले. ही मदत अखेर १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. या सगळ्याचे समर्थन राष्ट्रीय सार्वभौमत्वाच्या नावाने झाले. समोरून येणारे उत्तरही ठरलेलेच असते: नकाराधिकार काढून टाका आणि बहुमताने निर्णय घ्या. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागच्या भाषणात टप्प्याटप्प्याने तसे करावे, असे सुचवलेच होते. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक दिसतात, पण एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरलेली आहे. नकाराधिकार म्हणजे कारण न सांगता, कोणत्याही विषयावर, कशाच्याही मोबदल्यात वापरता येणारा हक्क, असे दोघेही मानतात. युरोपात नकाराधिकार ज्या तडजोडीतून रुजला, तिच्यात असा हक्क नव्हता. तिथे नकाराला अट होती. ती अट गळून पडली म्हणून आजचे सौदे शक्य झाले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीच्या इतिहासाबद्दल फारसा वाद नाही, तेव्हा तिथे रेंगाळण्याचे कारण नाही. १९५० ची शूमान घोषणा, १९५१ चा कोळसा-पोलाद करार, संयुक्त सैन्याच्या कल्पनेचा १९५४ मध्ये फ्रेंच संसदेत झालेला शेवट आणि १९५७ चा रोम करार, हे टप्पे सर्वांच्या परिचयाचे आहेत. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार सनदेतच लिहिलेला होता, रोम कराराचा कल मात्र उलट दिशेने होता. मंत्रिपरिषदेत फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटली यांना प्रत्येकी ४ मते होती, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांना २ आणि लक्झेंबर्गला १. एकूण १७ पैकी १२ मतांनी निर्णय होणार होते. काही विषय कायम एकमताचे ठेवले होते, पण बऱ्याच बाबतीत एकमताची गरज संक्रमणकाळापुरती होती. १ जानेवारी १९६६ पासून शेतमालाचे भाव आणि व्यापारधोरण हे विषयही बहुमताकडे जाणार होते.

या तारखेच्या आसपासच्या वर्षभराचा इतिहास जवळपास सगळेच चुकीचा वाचतात. रूढ कथा अशी: आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हालस्टाइन यांनी मार्च १९६५ मध्ये युरोपला स्वतःचे उत्पन्न आणि युरोपीय संसदेला जादा अधिकार देण्याचा प्रस्ताव आणला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल संतापले. १ जुलैच्या पहाटे वाटाघाटी फिसकटल्या आणि फ्रान्सने मंत्रिपरिषदेतली खुर्ची सात महिने रिकामी ठेवली. अखेर जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला बाकीचे पाच देश नमले आणि प्रत्येक सदस्याला नकाराधिकार मिळाला. या कथेतले शेवटचे वाक्य चूक आहे. लक्झेंबर्गला करारदुरुस्ती झाली नाही, कायदा झाला नाही. निघाले ते एक निवेदन. एखाद्या सदस्याचे फार महत्त्वाचे हितसंबंध गुंतलेले असतील तेव्हा सर्वांना मान्य होईल असा तोडगा वाजवी मुदतीत शोधण्याचा प्रयत्न सगळे करतील, हे त्यात सहाही देशांनी मान्य केले. एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहिली पाहिजे, हे मत एकट्या फ्रान्सचे म्हणून नोंदवले गेले. तोडगा निघालाच नाही तर काय करायचे, यावर सहांमध्ये मतभेद आहेत आणि तरीही काम पुन्हा सुरू करायला हरकत नाही, असेही त्यातच म्हटले होते. म्हणजे सर्वांनी पत्करले ते बोलत राहण्याचे कर्तव्य. अडवण्याचा हक्क हा फ्रान्सचा दावा राहिला, आणि तो इतरांनी मान्य केलेला नाही हे त्याच कागदावर लिहिले गेले.

बाकीचे पाच नमले, हेही पुरते खरे नाही. द गॉल यांच्या गैरहजेरीत ते फुटले नाहीत आणि करार बदलायला त्यांनी नकार दिला. डिसेंबर १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत द गॉल यांना पहिल्या फेरीत निम्मी मतेही मिळाली नाहीत. फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या शेतकरी संघटनेने त्यांना मत देऊ नका, असे आवाहन केले होते, कारण फ्रेंच शेतकऱ्याला सामायिक शेतीधोरणाचा पैसा हवा होता. ज्या घराच्या दाराला कडी लावून ते बाहेर पडले होते, त्याच घरात त्यांच्या मतदारांचे धान्य साठवलेले होते. फ्रान्सचे परतणे हा सार्वभौमत्वाचा निखळ विजय नव्हता. सोडून जाणे परवडत नाही आणि राहायचे तर मनाविरुद्धचा निर्णय झेपत नाही, या पेचातून ती तडजोड निघाली.

याच काळात लक्झेंबर्गमध्येच, युरोपीय न्यायालयात, वेगळी घडामोड चालली होती. ५ फेब्रुवारी १९६३ च्या व्हॅन गेंड एन लोस निकालाने सामान्य नागरिकाला आणि व्यापाऱ्याला आपल्याच देशाच्या न्यायालयात युरोपीय कराराच्या आधारे सरकारविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग मोकळा केला. निमित्त होते जर्मनीतून नेदरलँड्समध्ये आणलेल्या एका रसायनावरच्या वाढीव आयातशुल्काचे. १५ जुलै १९६४ च्या कोस्टा निकालाने, राष्ट्रीय कायदा नंतरचा असला तरी युरोपीय कायदाच वरचढ ठरेल, असे सांगितले. निमित्त इटलीतल्या एका किरकोळ वीजबिलाचे. सार्वभौमत्वावरचा हा घाव मंत्रिपरिषदेतल्या मतदानापेक्षा कितीतरी खोल होता. तरीही फ्रान्सने रिकामी ठेवली ती मंत्रिपरिषदेतली खुर्ची. फ्रेंच न्यायाधीश रोबेर लकूर न्यायालयातच होते आणि पुढे १९६७ मध्ये ते त्याचे अध्यक्षही झाले. फ्रान्सने लक्झेंबर्गला मांडलेल्या दहा मुद्द्यांचा रोख आयोगावर होता. न्यायालयाचे पंख छाटण्याची मागणी त्यात नव्हती. हा योगायोग नाही, असे युरोपीय कायद्याचे अभ्यासक जोसेफ वायलर यांनी १९९१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवले: नवा कायदा आपल्या संमतीशिवाय होणार नाही, ही खात्री असल्यामुळेच एकदा झालेला कायदा आपल्याला बांधतो हे सरकारांनी सोसले. मला हे विवेचन पटते, पण ते आणखी एक पाऊल पुढे न्यायला हवे. नकार आणि बंधन या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असतील, तर बंधन झुगारणाऱ्याला नकार वापरण्याचा नैतिक आधार उरत नाही.

हित समोरच्या विषयातच गुंतलेले हवे, ही अट फक्त माझ्या वाचनात आहे की प्रत्यक्षात कुणी पाळलीही, याचा पुरावा १९८२ मध्ये मिळतो. अर्थसंकल्पातल्या आपल्या वर्गणीत सवलत मिळावी म्हणून मार्गारेट थॅचर यांचे सरकार झगडत होते आणि त्यासाठी त्यांनी शेतमालाच्या वार्षिक भावांचा निर्णय अडवून धरला. भावांबद्दल ब्रिटनची खरी तक्रार नव्हतीच. १८ मे १९८२ ला कृषिमंत्र्यांच्या बैठकीत ब्रिटनने महत्त्वाच्या हितसंबंधाचा दाखला दिला, आणि बेल्जियमच्या अध्यक्षतेखाली मंत्रिपरिषदेने तो बाजूला ठेवून बहुमताने भाव मंजूर केले. ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस मतदानात सामील झाले नाहीत, फ्रान्स झाला. नकाराधिकाराचा जनक मानला जाणारा देशच म्हणाला, की समोरच्या विषयात ज्याचे हित गुंतलेले नाही त्याला त्या तडजोडीचा आधार घेता येणार नाही. तेव्हा फॉकलंडचे युद्ध चालू होते आणि ब्रिटनला युरोपच्या पाठिंब्याची गरज होती, हे खरे, आणि त्याचा परिणाम झालाच असणार. पण तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, पश्चिम जर्मनीने धान्याचे भाव कमी करण्याला याच आधारावर विरोध केला तेव्हा बहुमताने तो निर्णय लादला गेला नाही. तिथे आक्षेप आणि विषय एकच होते. ब्रिटनची मूळ तक्रारही वाऱ्यावर सुटली नाही. जून १९८४ मध्ये फाँतेनब्लोला वर्गणीच्याच वाटाघाटीत त्याला सवलत मिळाली. तक्रार खरी असेल तर तिला तिचे स्वतःचे दार होते.

पुढे १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने सामायिक बाजारपेठेचे बहुतेक निर्णय बहुमताकडे नेले आणि जाक देलॉर यांच्या आयोगाने त्या जोरावर १९९२ चे उद्दिष्ट गाठले. हे सर्वज्ञात आहे. मला खुपते ते १९९२ मध्येच सह्या झालेल्या मास्ट्रिख्ट कराराने केलेले अर्धवट कलम. परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण युरोपीय महासंघाच्या चौकटीत आले, त्याबरोबर एकमताची गरजही आली. न्यायालय मात्र दाराबाहेर ठेवले गेले. २००९ पासून लागू झालेल्या लिस्बन करारानेही, व्यक्तींवरच्या निर्बंधांची तपासणी यासारखे मोजके अपवाद सोडता, तेच चालू ठेवले. १९६६ च्या व्यवहारातला नकार उचलला गेला आणि बंधन मागे राहिले. त्याची फळे एकट्या हंगेरीने चाखलेली नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये सायप्रसने बेलारूसवरचे निर्बंध रोखले, ते तुर्कस्तानवरही निर्बंध हवेत म्हणून. तुर्कस्तानबद्दलची सायप्रसची तक्रार खरी होती, पण मिन्स्कच्या रस्त्यांवर मार खाणाऱ्या निदर्शकांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. हीच सवय आर्थिक विषयांतही शिरली. मोठ्या कंपन्यांवरच्या किमान १५ टक्के कराला हंगेरीने जून २०२२ मध्ये अडवले. त्याच डिसेंबरात हा कर, युक्रेनसाठी १८ अब्ज युरो आणि हंगेरीचा किती निधी गोठवायचा, हे सारे प्रश्न एकाच गाठोड्यात सुटले, आणि गोठवायची रक्कम ७.५ अब्जांवरून ६.३ अब्जांवर आली. कायद्याच्या राज्याच्या अटी मोडल्याबद्दल ज्याचा निधी गोठवायचा, त्याच्याच नकाराची किंमत त्या निधीतून चुकती व्हावी, यापेक्षा मोठी विटंबना त्या मूळ तडजोडीची होऊ शकत नाही.

मग नकाराधिकारच नको, असे म्हणणाऱ्यांशी मी का सहमत नाही? सप्टेंबर २०१५ मध्ये १,२०,००० निर्वासितांची देशोदेशी वाटणी करण्याचा निर्णय बहुमताने झाला. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रुमानिया विरोधात होते. कायद्याने तो निर्णय निर्दोष होता, न्यायालयाने २०१७ मध्ये तसे सांगितलेही. पण प्रत्यक्षात फारच थोड्या निर्वासितांचे स्थलांतर झाले आणि त्या देशांतल्या राजकारणाला पुढची कित्येक वर्षे पुरेल एवढे इंधन मिळाले. जे प्रश्न एखाद्या समाजाला आपल्या अस्तित्वाचे वाटतात, त्यांवर मोजणीने मात करता येत नाही. माल्टासारख्या छोट्या देशाला तर नकार हे आपले म्हणणे ऐकले जाण्याचे एकमेव साधन वाटते आणि ती भीती खोटी नाही. शिवाय नुसत्या मोजणीवर युरोप चालतही नाही. बहुमताची सोय असलेल्या विषयांतही बहुतेक निर्णय मतदानाची वेळ न येता सहमतीने होतात, कारण मतदान होऊ शकते या जाणिवेने सगळेच तडजोडीला येतात. नकाराला अट घातल्याने छोट्याचे संरक्षण जात नाही. ज्याचे हित खरोखर त्याच विषयात आहे, त्याचा शब्द उलट वजनदार होतो, कारण तो विक्रीला काढलेला नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. १९८२ मध्ये करारात बहुमत होते आणि नकाराधिकार केवळ रिवाज होता, म्हणून तो बाजूला सारता आला; आज परराष्ट्र धोरणात आणि करांत एकमत करारातच लिहिलेले आहे, मग कोणत्या आधारावर त्याला अट घालणार? हा फरक मला मान्य आहे. पण अटीचे शब्द करारातच पडलेले आहेत. परराष्ट्र धोरणाचे काही मोजके निर्णय आजही बहुमताने घेता येतात, आणि तिथे कलम ३१ नुसार एखादा सदस्य राष्ट्रीय धोरणाची अत्यावश्यक कारणे सांगून मतदान थांबवू शकतो. कारण नुसते असून भागत नाही, ते सांगावेही लागते. त्यानंतर महासंघाच्या परराष्ट्र प्रतिनिधीने त्या देशाशी बोलून तोडगा शोधायचा आणि तो निघाला नाही तर विषय शिखर परिषदेकडे जाऊ शकतो. १९६६ चे निवेदन ज्या दिशेने बोट दाखवत होते, तीच ही वाट. निर्बंध आणि मदतीचे विषय या वाटेवर आणायला सगळ्यांची संमती लागेल आणि ती देण्याची घाई अडवणुकीवर जगणाऱ्या सरकारांना असणार नाही. तोपर्यंत बैठकीच्या अध्यक्षाने नकार देणाऱ्याला समोरच्या विषयातले त्याचे कारण लेखी मागायचे आणि ते जनतेपुढे ठेवायचे, एवढे करायला करारदुरुस्ती लागत नाही. १८ मे १९८२ लाही करारातला एक शब्द बदललेला नव्हता.