लेकराची उचल

दसरा झाला की धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. अशाच एका गावातल्या सासू-सुनेची ही गोष्ट.

नवऱ्यानं दुसरा घरोबा केला आणि सून एकटी पडली. तिचं कामही त्याच दिवशी गेलं. टोळीत हिशेब कोयत्याचा, म्हणजे जोडीचा असतो. एकट्या बाईला तिथं सहजी जागा मिळत नाही, मिळाली तरी अर्ध्या कोयत्यावर. नवरा सोडून गेला की ऊसतोडीतल्या बाईची रोजीही तो घेऊन जातो. ही गोष्ट पोटगीचा आकडा ठरवताना किती जणांच्या ध्यानात येत असेल?

सून माहेरी जायला निघाली, तेव्हा सासूनं तिची पिशवी उतरवून घेतली. “तो गेला म्हणून तू कामून जायची? नातू माझा हाय.” मग दोघी खुरपायला, कापूस वेचायला जाऊ लागल्या. नातू तिसरीत होता.

सुनेनं तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला. जुलै 2024 पासून जुन्या 125 कलमाच्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 144 आलं, पण गावाकडं अजून ‘एकशेपंचवीसची केस’ असंच म्हणतात. पहिल्या तारखेला नवरा आला, पुढं फिरकला नाही. निकाल एकतर्फी लागला: लेकराला महिना तीन हजार, बायकोला दोन हजार. एक रुपयाही आला नाही. वसुलीचा अर्ज झाला, वॉरंट निघालं आणि शेरा घेऊन परत आलं: ‘सदर इसम मिळून येत नाही.’

याच काळात त्यानं गावच्या मुकादमाची लाखभर उचल घेतली होती आणि गाडी भरायच्या आतच तो पसार झाला होता. मुकादमानं चार ठिकाणी फोन फिरवले, दोन माणसं सोबत घेतली आणि आठवड्याच्या आत तो कर्नाटकातल्या मुधोळजवळच्या उसाच्या फडात सापडला. पैसे फिटेपर्यंत तिथंच, मुकादमाच्या ओळखीच्या टोळीत राबायचं, असं ठरलं. असल्या वसुलीत धाक असतो, कधी मारहाणही असते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापुढं त्यातलं फार थोडं टिकेल. असल्या वसुलीचं कौतुक मी करणार नाही. पण ज्याला सरकारी कागद शोधू शकला नाही, तो या वसुलीला सापडला होता.

ही बातमी म्हातारीच्या कानावर आली. ती तडक मुकादमाच्या ओसरीवर गेली.

“दादा, माझं पोरगं कुठं हाय?”

“मावशे, मला काय ठाव?”

“तुमची उचल कुणाकडून वसूल व्हायलीय मग?”

मुकादम गप्प झाला. मग म्हणाला, “पत्ता दिला अन् पोलिसांनी नेला तर माझं पैसं बुडतील. अन् तो तुझ्याच पोटचा हाय. त्याला जेलात घालतीस?”

म्हातारी तिथंच खाली बसली. हा प्रश्न तिला भावकीनंही विचारला होता, आणि रात्री तीही स्वतःला विचारत होती. त्याच पोराला पाटीखाली घालून तिनं ऊस तोडला होता. ती बराच वेळ बोलली नाही.

“तुमची उचल त्यानं एकदा घेतली,” शेवटी ती म्हणाली. “लेकराला जन्म दिला तवा त्याचीबी उचल घेतलीच की त्यानं. ती आधीची हाय. तुम्ही मागून आलात.”

मुकादमानं पत्ता सांगितला. कारखाना, गट, तिथल्या मुकादमाचं नाव, कोप्या कुठं आहेत ते सगळं.

पत्ता हातात आल्यावर दोघी तालुका विधी सेवा समितीत गेल्या. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि लेकराला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो. तिथल्या वकीलबाईंनी आदेश वाचला आणि म्हणाल्या, “हे कर्नाटकात चालतं.” सुनेला वाटत होतं, राज्य बदललं की कोर्टाचा शब्द संपतो. नवऱ्यालाही तेच वाटत होतं आणि त्याच भरवशावर तो सीमेपलीकडं निवांत होता. पण कायद्यात स्पष्ट आहे (पूर्वी कलम 128, आता 147) की पोटगीचा आदेश तो माणूस जिथं असेल तिथला कोणताही मॅजिस्ट्रेट अमलात आणू शकतो, आणि आदेशाची नक्कल फुकट द्यायची असते. पैसा जणू दंड असावा तसा वसूल होतो. तरीही थकला तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणजे देणं फिटलं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कुलदीप कौर यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. “फक्त वर्ष उलटू देऊ नका,” वकीलबाई म्हणाल्या. “रक्कम देणं झाल्यापासून वर्षाच्या आत त्या रकमेच्या वसुलीचा अर्ज पडला पाहिजे.”

बाकी सगळी पायपीट होती. आदेश मराठीत, तिकडचं कामकाज कन्नडमध्ये. म्हणून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तिकडच्या विधी सेवा समितीतून वकील मिळाला. सासू-सुना रात्रीच्या एसटीनं सोलापूर, तिथून विजापूर अशा गाड्या बदलत गेल्या. इतका कायदा असूनही तो आपल्या पायांनी चालत नाही, खुरपणीचे रोज बुडवून बायकांनाच तो वाहून न्यावा लागतो, याचा मला संताप येतो. एका कोर्टाचा आदेश दुसऱ्या कोर्टानं परस्पर मागवून घ्यावा, पोलिसांनी मुकादमाइतके चार फोन करावेत, यात अवघड काय आहे?

वॉरंट घेऊन पोलीस फडात गेले आणि नवऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. तो म्हणाला, “उचल फिटू द्या, मग देतो.” वर्षाची थकबाकी साठ हजार झाली होती. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, आईला काही सांगायचं आहे का? दुभाषा मधे उभा राहिला. म्हातारी पोराकडं बघून बोलली: “तू जेलात गेलास तर मी डबा घिऊन यीन. पण पैसं सोडायला सांगणार न्हाई.”

तो रडला. मोटारसायकल विकून वीस हजार त्यानं तिथंच भरले, उरलेल्याची लेखी हमी दिली.

हंगाम संपून पोरगं गावी परतलं. आखाडात मुकादम पुढच्या हंगामाची उचल वाटायला बसला, तेव्हा म्हातारी ओसरीवर हजर होती. “आधी लेकराचे,” ती म्हणाली. मुकादमानं पोराकडं पाहिलं, पोरानं मान हलवली. त्याच्या उचलीतून पंचवीस हजार वेगळे काढून सुनेच्या खात्यावर भरले गेले, पावती कोर्टात गेली. उरलेले पंधरा हजार पोळ्याच्या आत द्यायचे आहेत. नाही दिले तर अर्ज कुठं, कोणत्या कलमानं आणि किती दिवसांत करायचा, हे सुनेला आता तोंडपाठ आहे. शेजारच्या तांड्यावरच्या दोन बायका तिच्याकडं येऊन तेच विचारून गेल्या आहेत.