विश्वाची मोजणी

नारायणगावच्या पूर्वेला, खोडदच्या शिवारात, एक तात्या होते आणि एक अण्णा. चुलतभाऊ. दोघांच्या रानांमध्ये बांध, बांधावर एक जुनी बोर. आजोबांच्या काळी त्या बांधावरून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई सरळ चालत जायची. आता शेळीसुद्धा तोल सांभाळत जायची. बांध कुणी कोरला याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती. तात्यांच्या मते अण्णांनी, अण्णांच्या मते तात्यांनी. बोलणं केव्हाच बंद झालेलं. शेवटी तात्यांनी मोजणीचा अर्ज टाकला, फी भरली आणि तारखेची वाट बघत बसले.

फेब्रुवारीच्या शेवटी नात मागं लागली, "तात्या, दुर्बिणीवर प्रदर्शन आहे, चला ना."

खोडदची दुर्बीण म्हणजे नळीला डोळा लावून बघायची नव्हे. तारेच्या जाळीच्या 30 तबकड्या, एकेक 45 मीटर रुंद. काही एका जागी, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत पार 25 किलोमीटर. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. तात्यांनी त्या उभ्या राहताना पाहिल्या होत्या, पण आत जाऊन कधी चौकशी केली नव्हती.

तिथं एक शास्त्रज्ञ बाई पोरांना सांगत होत्या, "आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची हद्द चहूबाजूंना सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर आहे."

हद्द म्हटल्यावर तात्यांनी कान टवकारले. "आणि विश्वाचं वय किती?"

"साधारण 1380 कोटी वर्षं."

"मग हिशेब चुकला, बाई. प्रकाश वर्षाला एकच प्रकाशवर्ष चालणार. 1380 कोटी वर्षांत तो 4600 कोटी कसा चालेल?"

सातबाऱ्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला आकड्यात गुंडाळता येत नाही. बाई मनापासून हसल्या. "प्रकाश निघाला तेव्हा ती जागा आपल्या खूपच जवळ होती. तो वाटेत असताना मधलं अंतरच ताणत गेलं. ती जागा आज 4600 कोटींवर पोचलीय."

"म्हणजे बांध सरकतोय."

"तो बांध नाहीच, आजोबा."

"बांध नाही? मग तिथं उभं राहून काठी पुढं केली, तर काठी कुठं जाईल?"

हाच प्रश्न, काठीसकट, आर्किटस नावाच्या ग्रीक गणितज्ञानं सुमारे 2400 वर्षांपूर्वी विचारला होता. तात्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण हद्दीच्या भांडणात मुरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"काठी खुशाल पुढं जाईल," बाई म्हणाल्या. "विश्व तिथं संपत नाही. आपल्यापर्यंत पोचलेला प्रकाश तेवढ्याच अंतरातला आहे, इतकंच. पलीकडंही अशाच दीर्घिका असणार. आता समजा, त्या हद्दीवरच कुणी उभा आहे. त्याला काय दिसेल?"

"अंधार?" नात म्हणाली.

"नाही. त्यालाही चहूबाजूंना 4600 कोटी प्रकाशवर्षं दिसतील. त्याच्या लेखी मधोमध तोच. आणि त्याच्या हद्दीवर कोण?"

"आपण!" पोरं ओरडली.

तात्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. सगळं मिळून विश्व केवढं? अनंत आहे की मोजकं, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही, असं बाईंनी सांगितलं. वर हेही, की मोजकं असलं तरी त्याला कड असेलच असं नाही. पृथ्वीच्या पाठीवर कितीही चाला, कठडा लागत नाही. तरी जमीन आहे तेवढीच आहे. हे मात्र तात्यांना लगेच पटलं. आहे तेवढ्याच जमिनीवरून त्यांचं निम्मं आयुष्य भांडणात गेलं होतं.

घरी येताना नात सारखी बडबडत होती. "म्हणजे तात्या, आपण पण कुणाच्या तरी कडेलाच!" तात्या नुसतं हूं हूं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओढ्याकडून वळसा घालून अण्णांच्या रानात शिरले आणि बांधाकडं तोंड करून उभे राहिले. बोरीच्या या अंगाला दीड हात गवत होतं. वाळलेलं, पण मुळासकट शाबूत. नांगराचा फाळ कधी न लागलेलं. आपल्या बाजूनं बघताना बोरीच्या बुडातली घाणेरीची जाळी आड यायची, त्यामुळं हे गवत त्यांना कधी दिसलंच नव्हतं. त्यांच्या बाजूला बोरीची मुळं उघडी पडली होती. ती पावसानं उघडी पडली, असं ते साऱ्या गावाला सांगत आले होते. पाऊस या बाजूलाही तेवढाच पडतो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

अण्णा विहिरीकडून तरातरा आले. "काय रे, मोजणीवाले यायच्या आधीच मोजायला लागलास? आणि तेही माझ्या रानात उभा राहून?"

"हो. इकडून माझ्याकडंच जास्त निघतंय."

"जास्त निघतंय म्हणजे? अजून काय गिळायचंय तुला?" अण्णांचा आवाज चढला.

"गिळलेलंच सांगतोय, बाबा. ती मुळं बघ."

अण्णांनी मुळांकडं पाहिलं, मग तात्यांकडं. ती मुळं ते वर्षानुवर्षं बघत आले होते. त्यांना आश्चर्य वाटलं ते तात्यांचं. "मग मोजणी रद्द करतोस?"

"कशाला? फी भरलीय. होऊ दे रीतसर. खुणेचे दगड माझ्याकडून."