पाण्याचा सातबारा

धरणात वा रस्त्यात जमीन गेली, तर शेतकऱ्याला मोबदला मागता येतो. त्याच्याजवळ सातबारा असतो. (मोबदला हाती पडेपर्यंत त्याच्या वहाणा झिजतात, ही गोष्ट निराळी.) कोळ्याची खाडी गेली तर त्याने कोणता कागद दाखवावा? ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर जगला, त्याचा उतारा कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही. शिवाय ही खाडी कोणी एका रात्रीत हिरावून घेतली नाही. भराव पडत गेले, गटारांचे व कारखान्यांचे पाणी उतरत गेले, जाळ्यातली निवटी-बोईट कमी होत गेली. जे असे हळूहळू जाते, त्याची फिर्याद कोणाविरुद्ध करायची?

खाडी जिथे मुंबई बंदराला मिळते, त्याच्या पलीकडे उरणच्या कोळ्यांनी ती केली. बंदरविस्ताराने आपली मासेमारी बुडाली, हे त्यांचे म्हणणे राष्ट्रीय हरित लवादाने मानले आणि 2015 च्या फेब्रुवारीत 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई ठरवली. म्हणजे कुटुंबामागे पावणेसहा लाखांच्या आसपास. निकाल मोलाचा होता. सातबारा नसतानाही हक्क असतो, हे त्यात आले.

समाजशास्त्राचे अभ्यासक होड्या, जाळी, उत्पन्न मोजतात. मोजायलाच हवे; न मोजलेले नुकसान न्यायासनापुढे उभे राहत नाही. परंतु कोणत्या ओहोटीला कोणती मासळी कुठे लागते, हे बापाने मुलाला सांगायचेच थांबले, तर ते कोणत्या रकान्यात लिहावे?

त्याच 2015 साली ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. पक्ष्यांना नकाशावर हद्द मिळाली.