तीव्र संवेग: साधनेला जोर किती लावावा?

साधनेची तीव्रता वाढवली की ध्येय त्याच प्रमाणात जवळ येते का, हा भारतीय दर्शनांतला जुना प्रश्न. त्याची सर्वांत नेमकी मांडणी पतंजलीच्या योगसूत्रांत आहे. समाधिपादात श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा हे उपाय सांगून झाल्यावर २१ वे सूत्र म्हणते, की ज्यांचा संवेग तीव्र आहे त्यांच्यासाठी समाधी फार दूर नाही. पुढचे सूत्र या तीव्रतेतही मृदू, मध्य आणि अधिमात्र अशा तीन पायऱ्या पाडते.

व्यासभाष्य या ठिकाणी योग्यांचे नऊ प्रकार करते. उपाय सौम्य, मध्यम किंवा प्रखर. आणि त्या प्रत्येकात संवेगही तीन प्रतींचा. ही मोजदाद रुक्ष वाटते खरी, पण तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट गृहीत धरलेली आहे: उपाय आणि संवेग हे दोन वेगळे हिशेब आहेत. एखादा साधक कडक नेम पाळत असेल आणि तरी आतली ओढ मंद असेल. दुसऱ्याचा नेम साधा, पण ओढ अनावर असेल.

मग हा संवेग नेमका कशाचा? टीकाकारांचे इथे एकमत नाही. वाचस्पती मिश्रांच्या मते तो वैराग्यच. भोजराजा त्याला क्रियेला प्रवृत्त करणारा बळकट संस्कार म्हणतो. विज्ञानभिक्षूंना त्यात उपायांच्या अनुष्ठानातली त्वरा दिसते. यांपैकी वाचस्पतींचा अर्थ अधिक पटण्याजोगा आहे. चित्तवृत्तींच्या निरोधासाठी पतंजलीने अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी आधीच सांगितली आहे, आणि अभ्यास पक्का कशाने होतो हे १४ व्या सूत्रात स्पष्ट केले आहे: दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने केल्याने. त्यात घाईला जागाच नाही. तेव्हा तीव्र व्हायचे ते वैराग्य. अभ्यासाने आपला संथ क्रम सोडण्याचे कारण नाही.

बौद्ध आणि जैन परंपरांतही संवेग आहे, पण त्याचा रोख थोडा निराळा. जैन विचारात शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य ही सम्यक्त्वाची पाच लक्षणे. तिथे संवेग म्हणजे मोक्षाची तळमळ. पाली वाङ्मयात जरा, व्याधी आणि मृत्यू पाहून मन हादरते, तो संवेग. हादरलेला माणूस झटून कामाला लागतो, आणि नेमका तिथेच धोका असतो. याचे ठळक उदाहरण सोण कोळिविसाचे.

सोण हा चंपेच्या श्रेष्ठीचा मुलगा, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. ते पाहायला बिंबिसार राजाने त्याला मुद्दाम बोलावून घेतले. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत करायचे ध्यान, इतक्या निकराने केले की पाय फुटले आणि चालायची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना. घरी संपत्ती आहे, परत जाऊन दानधर्म करावा, असे त्याच्या मनात येऊ लागले. बुद्धाने त्याला गृहस्थाश्रमातल्या वीणावादनाची आठवण करून दिली: तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत, फार सैल असल्या तरी नाहीत. वीर्य, म्हणजे प्रयत्नाचा जोर, अति झाले तर चित्त अस्वस्थ होते, कमी पडले तर आळसावते. म्हणून त्याची समता साधायची. या उपदेशाने सोणाने प्रयत्न सोडले नाहीत, फक्त त्यांचा ताण बदलला, आणि पुढे तो अर्हत झाला. विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, कथेला एक व्यवहारी शेपूटही आहे. बुद्धाने त्याला एकपदरी पादत्राणे वापरायची परवानगी दिली. ती साऱ्या संघाला मिळाल्याखेरीज आपण घेणार नाही, असे सोण म्हणाला, आणि ती सर्वांना मिळाली.

गीतेचा कौलही याच बाजूचा. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. सतराव्यात शरीराला पीडा देणारे हट्टाचे तप तामस ठरवले आहे.

भक्तिमार्गात मात्र चित्र पालटते. नारदाच्या भक्तिसूत्रांत देवाचे विस्मरण होताच होणारी परम व्याकुळता हे भक्तीचे लक्षण मानले आहे, आणि या व्याकुळतेला कुणी माप लावलेले नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांतली किंवा तुकोबांच्या करुणेच्या अभंगांतली तगमग आवरती घ्या, असे वारकरी परंपरेत कुणी सांगत नाही. थोडक्यात, प्रयत्नाच्या ताणाला मर्यादा आहे, ओढीला नाही. तरीही ओढ ही ठरवून वाढवता येणारी गोष्ट नव्हे. नेम वाढवता येतो, व्याकुळता आणता येत नाही.

ही अडचण योगशास्त्रालाही चुकलेली नाही. नऊ प्रकार मांडून झाल्यावर भाष्यकार स्वतःच विचारतात, समाधी अगदी जवळ येते ती एवढ्यानेच, की दुसराही काही उपाय आहे? उत्तर २३ व्या सूत्रात येते: किंवा ईश्वरप्रणिधानाने, म्हणजे ईश्वराला भक्तीने वाहून घेण्याने. भाष्याप्रमाणे भक्तीने वळलेला ईश्वर केवळ संकल्पाने योग्यावर अनुग्रह करतो, आणि समाधी आणखी जवळ येते.