मोठ्याने वाचलेलं वर्ष

वाचलेल्या पुस्तकांची एक वही मी बरीच वर्षं ठेवते आहे. नाव, लेखक, पुस्तक संपल्याची तारीख. वर्षाकाठी पन्नासेक नोंदी होतात. गेल्या पाडव्यापासून आज फाल्गुन लागेपर्यंत तिच्यात अकराच पुस्तकं आहेत, आणि ती अकराही मी आईला वाचून दाखवली आहेत.

आईच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरची ओळ दिसत नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला लावलेल्या बाईला अक्षरंच दिसेनाशी झाली. तेव्हापासून दिवेलागणीनंतर तासभर वाचायचं, असं ठरलं. ‘तुझं वाचन मागे पडेल गं,’ ती म्हणाली. मनातून मलाही तीच धास्ती होती.

पहिलं पुस्तक तिनेच सांगितलं, ‘स्मृतिचित्रे’. माझं ते दोनदा वाचून झालेलं. पण डोळे ओळींवरून उड्या मारत जातात, जिभेला तसं जाता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि १९३४ ते १९३६ या काळात त्यांच्या आठवणी चार भागांत छापल्या गेल्या तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. त्यांचं वाक्य बोलणाऱ्या बाईच्या श्वासाएवढंच लांब असतं. त्यांच्या पतीने, टिळकांनी, १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळाबद्दल वाचताना कुठला सूर लावावा हे मला कळेना, कारण हसू आणि हुंदका एकाच वाक्यात येतात. मनात वाचताना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मनातल्या मनात मी नुसती हसून पुढे गेले होते.

आपल्याकडे वाचन म्हणजे मुळात ऐकणंच होतं. चातुर्मासात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावायचा, अक्षरओळख असलेल्या एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी वाती वळता वळता ऐकायचं. नवविधा भक्तीतही श्रवण पहिलं. कोपऱ्यात एकटीने, ओठ मिटून वाचणं मला इतकं स्वाभाविक वाटत आलं, की आमच्याच घरात दोन पिढ्यांपूर्वी ते कुणी करत नव्हतं, हे मी विसरले होते.

सगळीच पुस्तकं आवाजाला वश होत नाहीत. जी. ए. कुलकर्णींची कथा मी दोनदा अर्ध्यावर मिटली. तिला एकट्या वाचकाची शांतता लागते, असं माझं मत झालं. ‘कोसला’ मात्र धो धो वाहिली. १९६३ च्या त्या पुस्तकातला पांडुरंग सांगवीकर आईला तिच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा वाटला.

भाद्रपदात ‘बलुतं’ घेतलं. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ मध्ये आलं. कॉलेजात असताना मी ते एका रात्रीत संपवलं होतं आणि मला ते कळलं असं मानत होते. आता मोठ्याने वाचायची वेळ आली आणि पहिल्याच संध्याकाळी मी अडखळले. महारवाड्यातले, कावाखान्यातले काही शब्द डोळ्यांनी टिपले होते, पण माझ्या तोंडून ते कधी बाहेर पडलेले नव्हते. शिव्या होत्या, जातींची नावं होती, मेलेल्या जनावराचं मांस होतं. मनात वाचताना माणूस आपली लाज कुणाला दिसू देत नाही, स्वतःलासुद्धा नाही. आवाजात ती ऐकू येते. एके ठिकाणी मी एक शब्द गाळला. आईने लगेच विचारलं, ‘काय सोडलंस?’ मी तो वाचला.

त्या रात्री ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी शिकत होते त्या शाळेत दोन मुलं दाराशी बसायची. पाणी त्यांना वरून ओतून द्यायचे. मी रोज बघायचे.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्यांची नावं आठवत नाहीत मला.’ स्वतःच्या विद्यार्थ्यांची नावं हजेरीपटाच्या क्रमाने सांगणारी माझी आई. ही गोष्ट तिने मला ऐंशीव्या वर्षापर्यंत सांगितली नव्हती, आणि मीही तिला कधी तसं काही विचारलं नव्हतं. एका रात्रीत संपवलेल्या ‘बलुतं’ने माझ्या घराचं दार उघडलं नव्हतं. दीड महिना रेंगाळलेल्या ‘बलुतं’ने उघडलं. पुस्तक कळलं म्हणजे काय, याचं माझं जुनं उत्तर मला आता पुरत नाही.

एक पुस्तक मात्र वर्षभर चालू आहे. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. चैत्रातला लेख चैत्रात, आषाढातला आषाढात, अशी आईची अट. लेख झाला की ती मला गॅलरीत पाठवते, समोरच्या झाडावर काय चाललंय ते सांगायला. पानं गळताहेत की नवी फुटताहेत, कुठल्या रंगाची, किती. मला आधी दोन वाक्यांच्या पुढे सांगता येत नसे. आता येतं.

फाल्गुनाचा लेख राहिला आहे. काल मी पुस्तक हातात घेतलं, तर ती म्हणाली, ‘थांब गं. पळस फुलला का, ते आधी बघून ये.’