मूलपेशी घेतल्या कोणाकडून?



“फादर, स्टेम सेल म्हणजे पाप ना?” असे आम्हांला अधूनमधून विचारले जाते. विचारणारे जोडपे बहुधा बाळाची वाट पाहत असते आणि नाळेचे रक्त साठवणाऱ्या एखाद्या कंपनीचे पत्रक त्यांच्या हाती पडलेले असते. ख्रिस्तसभेचा या सगळ्यालाच विरोध आहे, असा समज आपल्यात पक्का बसला आहे. तो बरोबर नाही.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होतात ती. आपल्या हाडांच्या मगजात अशा पेशी जन्मभर असतात आणि रोज नवे रक्त घडवतात. 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले. तो मूलपेशींचाच उपचार. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. नाळेतले रक्त तर एरवी टाकूनच दिले जाते. 2008 साली व्हॅटिकनने काढलेल्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या सूचनापत्रात अशा मूलपेशी घेण्यास स्पष्ट मान्यता आहे.

अडचण आहे ती गर्भापासून घेतलेल्या मूलपेशींची. प्रयोगशाळेत फलित झालेला गर्भ पाच-सहा दिवसांचा झाला, की त्याच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते. मात्र त्या पेशी काढून घेताना गर्भ संपतो. ही काही केवळ परदेशातली गोष्ट नव्हे. 9 ऑगस्ट 2001 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केले, की त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या अशा पेशींवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी अडीच आठवड्यांपूर्वीच त्यांना प्रत्यक्ष भेटीत आपला विरोध सांगितला होता. पुढे अमेरिकेने मान्य पेशीसंचांची जी यादी काढली, तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात संच होते आणि बंगळूरच्या एका संशोधन संस्थेचे तीन.

समर्थक म्हणतात, हे गर्भ वंध्यत्वावरील उपचारात उरलेले असतात, ते तसेही टाकून दिले जाणार. मग त्यांच्यामुळे कंपवाताच्या एखाद्या रुग्णाचा हात स्थिर झाला तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद हलका नाही. घरात तसा रुग्ण असेल तर तो फारच जड वाटतो. पण ‘तसेही मरणारच’ हे आपल्या प्रत्येकाबद्दल खरे आहे. आज रात्री जाणार असे डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाचे हृदय आपण संध्याकाळीच काढून घेत नाही, बाहेर तिघे त्याची वाट पाहत असले तरी. म्हणजे ‘तसेही’ या शब्दाने काहीच ठरत नाही. तो गर्भ ‘कोणी’ आहे की नुसते ‘काही’, हे आधी ठरवावे लागते.

इथे विरोधकांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. पाच दिवसांच्या गर्भाला मज्जातंतू नाहीत, वेदना नाही. चौदाव्या दिवसाच्या सुमारापर्यंत त्याचे दोन जुळे होऊ शकतात, मग त्याला एक व्यक्ती कसे म्हणायचे? एवढेच नव्हे, बुद्धियुक्त आत्मा काही आठवड्यांनी येतो असे संत थॉमस अक्विनास यांनीही ॲरिस्टॉटलच्या आधारे मानले होते. (सेमिनरीत हा धडा आला, की वर्गात हमखास वाद होई.) आत्मा नेमका केव्हा येतो, याचा तात्त्विक निर्णय ख्रिस्तसभेने आजही दिलेला नाही. तिचे म्हणणे वेगळे आहे. निफाडकडच्या उसात पाने हलली. आत रानडुक्कर आहे, की ऊसतोड कामगाराचे पोर खेळते आहे, ते दिसत नाही. बंदूक हातात असलेल्याने ‘बहुधा डुक्करच’ म्हणून चाप ओढावा का? ज्याला शंका आहे त्याने थांबायचे असते. ते पोर नव्हते असे सिद्ध करण्याची जबाबदारी बंदूकवाल्यावर येते, पोरावर नाही.

थांबण्याची किंमत आजारी माणसे मोजतात, हे आम्ही नाकारत नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ पाहिला आणि त्यांना स्वतःच्या मुली आठवल्या, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेपासून जवळजवळ तशाच पेशी बनवल्या. 2012 साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणून आपलाच विजय झाला, असे कोणी म्हणू नये. हा शोध लागला नसता तरी उसाच्या फडाबाहेर थांबावेच लागले असते.

पेशी निर्दोष असली म्हणजे धंदाही निर्दोष, असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचे इतर उपचार प्रायोगिकच धरले जातात. स्वमग्न मुलांवर असा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. तरी त्यासाठी शेत गहाण टाकायला आईबाप तयार होतात. नाळेच्या रक्ताचेही तसेच. बाळाला थॅलेसेमिया असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो. त्या त्याच्या कामाच्या नाहीत. आजारी भावंडासाठी मात्र त्या जुळू शकतात.

राहिले ते गोठवलेले गर्भ. 2021 च्या कायद्याप्रमाणे ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, नंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. या गर्भांचे काय करावे, याला ख्रिस्तसभेकडेही चांगले उत्तर नाही. 2008 च्या सूचनापत्रातच हा अन्याय आता निस्तरता येण्याजोगा नाही, असे मान्य केले आहे. म्हणून टेस्ट ट्यूब उपचाराचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी किती गर्भ तयार करणार आणि उरलेल्यांचे काय करणार, हे डॉक्टरांना विचारावे, आणि ख्रिस्तसभा या उपचाराला संमती का देत नाही तेही आमच्याशी बोलून समजून घ्यावे. ज्यांचे गर्भ आधीच गोठवलेले आहेत, त्यांनीही संकोच न करता यावे. सायंकाळच्या मिस्सानंतर आम्ही कार्यालयात असतो.