कुरत्ती कुठेकुठे हिंडली?

सुपरहिरोचा सिनेमा आता शौर्यावर चालत नाही, सवयीवर चालतो. आकाशाला भगदाड पडते, इमारती कोसळतात, शेवटच्या वीस मिनिटांत शहर वाचते आणि श्रेयनामावली संपता संपता पुढच्या भागाचे आमंत्रण मिळते. नायक जिवावर उदार असतो. त्याच्यावर पैसा लावणारे कशावरच उदार नसतात.

*

साचा मोडा, असा सल्ला सगळेच देतात. मोडणे अवघड नाही. मोडक्या साच्यातून पुढे काही ओतता येत नाही, एवढीच अडचण आहे.

*

तंजावरला साच्यांची वाण कधीच नव्हती. तिथला एक साचा कुरवंजीचा. तमिळ मुलखात रुजलेल्या या नृत्यनाट्याची कथा जवळजवळ कधीच बदलली नाही. देवाची किंवा राजाची स्वारी निघते. चेंडू खेळणारी नायिका ती पाहते आणि प्रेमात पडते. चंद्राला बोल लावते, सखीला निरोप देऊन धाडते. मग डोंगरातली कुरत्ती येते, भविष्य सांगणारी भटकी बाई. ती आपल्या डोंगराचे वर्णन करते, आपण कुठेकुठे हिंडलो ते सांगते, नायिकेचा हात पाहते, तिच्या मनातल्या पुरुषाचे नाव ओळखते आणि दागिने घेऊन निघते. शेवटी तिचा नवरा, पाखरे धरणारा सिंगन, तिला शोधत येतो आणि अंगावर एवढे दागिने आले कुठून म्हणून हुज्जत घालतो.

प्रेक्षकाला पुढचा प्रत्येक प्रसंग ठाऊक असतो. तरी तो येतो. सुपरहिरोच्या सिनेमालाही तो असाच जातो, आणि फॉर्म्युल्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे आधी मान्य करावे. ठाऊक असलेले पुन्हा पाहणे हा प्रेक्षकाचा आळस नव्हे, हक्क आहे.

*

दुसरे सरफोजीराजे भोसले १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, नेमणूक आणि मान. शक्ती काढून घेतलेला नायक. सुपरहिरोच्या सिनेमाला या अवस्थेची सर्वांत जास्त धास्ती वाटते, आणि ‘लोगन’सारखे (२०१७) त्यातले चांगले सिनेमे याच अवस्थेतून निघतात.

हरलेल्या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. देवनागरी छापखाना घातला. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवून घेतल्या. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तलवारीला काम उरले नाही म्हणून बाकी सगळ्याला काम लावल्यासारखा हा माणूस वाटतो. त्याच भरात त्यांनी एक कुरवंजी लिहिली, तीही मराठीत: ‘देवेंद्र कुरवंजी’.

साचा जागच्या जागी आहे. कुरत्ती येते आणि आपल्या हिंडण्याचे सांगू लागते. पण ही कुरत्ती पृथ्वीचा भूगोल सांगते. पदे गात गात जग सांगते. सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते; नकाशे त्यांना परके नव्हते.

यात नेमके काय घडले ते नीट पाहावे, कारण ते वाटते त्यापेक्षा साधे आहे. कुरत्ती सांगतच आली होती की मी मुलूखभर हिंडले आहे. कवी ते लिहीत होते, नर्तकी ते नाचत होत्या, ऐकणारे माना डोलावत होते, आणि कोणी ते खरे मानत नव्हते. सरफोजींनी मानले. हिंडलीस म्हणतेस, तर सांग कुठेकुठे.

सवयीने बोलले जाणारे एक वाक्य त्यांनी खरे धरले. एवढेच.

*

नवे करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. प्रत्येक कलाप्रकारात अशी वाक्ये पडून असतात. सगळे ती उच्चारतात, कोणी ऐकत नाही. नवा माणूस बहुधा नवे वाक्य आणत नाही, जुने ऐकतो.

*

सुपरहिरोच्या सिनेमात इमारती कोसळतात. का कोसळतात, हे कोणी विचारत नाही. राक्षस आला, कोसळल्या. तमिळ ‘मावीरन’मध्ये (२०२३) झोपडपट्टीतल्या लोकांना उंच इमारतीत हलवले जाते, आणि ती इमारत कोणी राक्षस न येताच ढासळू लागते, कारण बांधकाम निकृष्ट आहे. नायक भित्रा व्यंगचित्रकार. त्याला आपल्याच चित्रकथेतल्या वीराचा आवाज ऐकू येतो आणि तो आवाज त्याला नको तिथे पुढे ढकलतो. परग्रहावरून आलेल्या शत्रूपेक्षा सिमेंटमध्ये वाळू जास्त घालणारा अधिक भयंकर, हे आपल्याकडच्या कोणत्याही भाडेकरूला पटेल.

वीज कुणावरही पडू शकते, असेही सगळे म्हणतात. पडते मात्र नेमकी नायकावर. मल्याळी ‘मिन्नल मुरली’त (२०२१) दिग्दर्शक बेसिल जोसेफ यांनी ती दोघांवर पाडली: एक शिंपी आणि एक चहाच्या दुकानात राबणारा शिबू. शिंप्याला गाव सोडून परदेशी जायचे आहे. शिबूला वर्षानुवर्षे एकच बाई हवी आहे, आणि गाव त्याला खुळा म्हणते. शक्ती दोघांना सारखीच मिळाली. माया मात्र एकालाच मिळाली होती. खलनायक झालेला शिबू जेव्हा रडतो तेव्हा प्रेक्षक कोणाच्या बाजूचा, ते प्रेक्षकालाच ठरवता येत नाही. धोका तो हाच. वाक्य खरे धरले की शेवट आपल्या ताब्यात राहत नाही.

कळ्ळियंकाट्टु नीली ही केरळच्या लोककथांतली रक्त पिणारी यक्षी. ती भयंकर होती, असे पिढ्यांनी सांगितले. ‘लोका’ने (२०२५) विचारले: सांगणारे कोण होते? तो सिनेमा केरळात तुफान चालला. जोखीम घेणारा बुडतोच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ. जोखीम घेणारा तरतोच, असा अर्थ काढून आता तशाच दहा यक्षी येतील.

*

मराठीत ज्या भावावर सिनेमा निघत नाही तो व्यंकोजी. शिवाजी महाराजांच्या या सावत्र भावाने १६७० च्या दशकात तंजावर घेतले. त्याचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ राज्यावर होता आणि नाटके लिहीत होता: तेलुगूत, मराठीत, आणि एक पाच भाषांत. त्या ‘पंचभाषाविलासा’त देशोदेशीच्या राजकन्या कृष्णासाठी येतात. देशोदेशीच्या राजकन्या कथांमध्ये नेहमीच येतात आणि सगळ्या कवीच्याच भाषेत बोलतात. शहाजीराजांची तमिळ राजकन्या तमिळ बोलते, तेलुगू तेलुगू, मराठी मराठी, उत्तरेकडची हिंदी, कृष्णाकडे संस्कृत. तीन शतकांनी ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ने (२०१८) निरनिराळ्या जगांतून आलेला प्रत्येक कोळी-नायक निरनिराळ्या चित्रशैलीत काढला, एक काळापांढरा, एक जपानी धाटणीचा, एक तर चक्क डुक्कर, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. ते योग्यच होते. तंजावरला मात्र कोणी बोट घालायला उरले नव्हते.

*

शहाजीराजांचे तेलुगू ‘सतीदानशूरमु’ याहून धारदार. राजा हरिश्चंद्राची कथा सांगते की जो सगळे देऊन टाकतो तो वीर. शहाजीराजांनी विचारले असावे: देणारा कोणीही असला तरी? त्यांच्या नाटकात मन्नारगुडीच्या उत्सवात एक विद्वान ब्राह्मण अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या विवाहित बाईवर भाळतो. शिष्य गुरूलाच शास्त्र शिकवू लागतो. आणि बाईचा नवरा, दानाला मागे न हटणारा, मागणाऱ्याला ती देऊ करतो. हरिश्चंद्राची जागा समाजाच्या तळाशी गेली, याचकाची जागा वर राहिली.

या शौर्यात बायकोला कोणी काय हवे ते विचारत नाही. हे टोचते, आणि टोचावेच. हरिश्चंद्राच्या कथेतही तारामतीला कोणी विचारले नव्हते. राजाने केले की ते सत्त्व, खालच्या मानलेल्याने केले की हसू: हा फरक शहाजीराजांनी उघडा पाडला. देणारा आणि दिली जाणारी यांच्यातला दुसरा फरक त्यांनाही दिसला नाही. एका वेळी एकच वाक्य खरे धरता येते की काय, कोण जाणे.

त्या भाळलेल्या ब्राह्मणाचे नाव मोरोभट्लु. म्हणजे आपलाच कोणी मोरोभट. टवाळीसाठी राजाने परका शोधला नाही.

*

राजाची जोखीम फुकटची, असा आक्षेप येईल. राजाला तिकीटबारी नसते, पहिला शुक्रवार नसतो. आक्षेप खरा आहे. पण मग आजच्या धाडसाचे गणितही सरळ मांडा: ज्याच्याकडे गमावण्यासारखे कमी, तोच नवे करतो. एक तर राजा, नाही तर कमी पैशांत सिनेमा काढणारा. मधला, ज्याच्याकडे कोट्यवधी आहेत आणि ते इतरांचे आहेत, त्याच्याकडून नवेपणाची अपेक्षा करणे म्हणजे खजिनदाराकडून काव्याची.

पैसा वाढत गेला की पात्रांना मरता येईनासे होते.

*

सरफोजींच्या काळात तंजावरच्या चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांनी, आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो त्याच्या कार्यक्रमाचा क्रम बांधून दिला: अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत. साचाच तो. त्यांच्यातलेच वडिवेलू व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळवणाऱ्यांपैकी एक. शिस्त लावणारे आणि परक्या आवाजाला दार उघडणारे एकाच घरातले निघाले, याचे आश्चर्य वाटू नये. दार कुठे आहे हे भिंत बांधणाऱ्यालाच ठाऊक असते.

आज चेन्नईच्या कोणत्याही मैफलीत व्हायोलिन परके वाटत नाही. जोखीम फळली की दिसेनाशी होते, आणि मग नातवंडे म्हणतात, यात विशेष ते काय.

*

मराठीने मुखवट्याचा नायक ‘बाजी’त (२०१५) करून पाहिला. तो मूळ धरू शकला नाही. मला वाटते, आपल्याला उसना मुखवटा लागतच नाही; आपल्याकडे जिरेटोप आहे. आपला सुपरहिरोपट म्हणजे शिवकालपट. त्याचाही साचा झाला आहे: संथ गतीतली तलवार, गडाच्या कड्यावर फडकणारा भगवा, थिएटरात घोषणा. ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) यांनी निदान राजाच्या मागे उभ्या असलेल्यांना पुढे आणले, हे मान्य.

तरी एक वाक्य अजून कोणी खरे धरलेले नाही: हा रयतेचा राजा होता. सगळे म्हणतात. चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाई नाही. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागतील. धान्य बाजारातून विकत आणा. आणि रात्री दिवे जळत ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा संपेल.

उंदराचा विचार करणारा राजा. असा सिनेमा कोणी काढावा: पावसाळी छावणी, आटत चाललेली गंजी, एक वात, एक उंदीर. तलवार एकदाही उपसायची नाही. गल्ला किती होईल ते सांगवत नाही, पण दिवा विझवण्याच्या एका प्रसंगात श्वास रोखून धरायला लावणारा दिग्दर्शक मिळाला तर कड्यावरच्या भगव्याची उणीव भासणार नाही.

*

तंजावरात त्या काळी दुसरीही एक कुरवंजी झाली. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांची तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’. तिचे नायक स्वतः सरफोजी. नायिका त्यांच्यासाठी झुरते, कुरत्ती हातावर त्यांचेच नाव वाचते. सगळे रीतसर. बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी ती वर्षानुवर्षे नाचल्या. राजाने लिहिलेली कुरवंजी हस्तलिखितात राहिली आणि छापली गेली ती विसाव्या शतकात, ग्रंथालयाकडून. साच्याबरहुकूम असलेली पायांत टिकली, जोखीम घेतलेली कागदावर. नवेपणाचे गोडवे गाताना हा हिशेब लपवू नये.

लपवू नये, आणि उलटाही वाचावा. साच्यातली पाठ असल्याशिवाय जोखमीतली गंमत कळत नाही. ज्याने दहा कुरत्त्या पाहिल्या नाहीत त्याला अकरावीने सांगितलेला भूगोल हा नुसता भूगोल; ज्याने पाहिल्या, तो पहिल्याच देशाच्या नावाला दचकून हसणार. धाडसाला अडाणी प्रेक्षक चालत नाही, सरावलेला लागतो. पाव शतकाच्या त्याच त्या सिनेमांनी तंजावरपासून टोरांटोपर्यंत असा प्रेक्षक आयता घडवून ठेवला आहे. वीज पडण्याआधीच तो ती कुठे पडणार ते शेजाऱ्याला सांगतो. एवढी मेहनत घेऊन तयार केलेल्या माणसाला निर्माते अजून हात पुढे कर म्हणतात आणि त्याला पाठ असलेले नाव वाचून दाखवतात.